डोळ्यांची विचारपूस : काचबिंदूचा स्टेंट घ्यावा का?

गेल्या अंकात काचबिंदूच्या थेंबांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकाच गोष्टीबद्दल विचारलं आहे, ती म्हणजे डोळ्यात बसवायची बारीक नळी, म्हणजे स्टेंट. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत. तुमचे डोळे मी तपासलेले नाहीत, त्यामुळे अखेरचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्या. तिथे काय विचारायचं, एवढं मात्र मी नक्की सांगू शकते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ६१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आयुष्य गेलं, अजूनही एक पाळी करतो. चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. दोन बाटल्या चालू आहेत. रात्रपाळी असली की रात्रीचा थेंब हुकतो. डोळ्याचं प्रेशर उजवीकडे १८, डावीकडे १७. नजरेचा पसारा मोजतात त्या फील्ड टेस्टवर ‘सुरुवातीचा’ असं लिहून दिलंय. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही वाढलाय, तुटलेला धागा दिसत नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू काढतानाच स्टेंट बसवू, थेंब सुटतील. खर्च मोठा आहे. मुलगा म्हणतो, करून टाका. मला भीती ही की नळी आत सरकली तर? आणि गेलेली नजर परत येईल का?

उत्तर : काका, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घोटाळा तिथेच होतो. मोतीबिंदूमुळे जी नजर अंधुक झाली आहे ती ऑपरेशननंतर परत येईल, धागाही दिसेल. काचबिंदूनं डोळ्यामागच्या, मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा जो भाग सुकला आहे तो कुठल्याही स्टेंटनं, थेंबांनं किंवा लेझरनं परत येत नाही. दोन्ही कामं एकाच दिवशी झाली की रुग्णाला वाटतं, स्टेंटमुळे दिसायला लागलं, काचबिंदू गेला. मग तपासणी बंद होते. नस आतून सुकत राहते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे मी आपल्या सोलापुरात पाहत आले आहे, म्हणून आधीच सांगते.

आता ही नळी काय करते ते सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक पाणी सतत तयार होतं, मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर. हे पाणी, बुबुळ (डोळ्यातला रंगीत भाग) आणि त्यापुढचा पारदर्शक पडदा जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून गाळून एका गोल कालव्यात जातं आणि तिथून रक्तवाहिन्यांत मिसळतं. तुमच्यासारख्या बहुतेक रुग्णांत कोन उघडा असतो, पण जाळी नीट वाहू देत नाही. पाणी तुंबतं, प्रेशर वाढतं, नस दबते. स्टेंट ती जाळी ओलांडून थेट कालव्यात वाट करून देतो. डोळ्याबाहेर काही उघडावं लागत नाही. मोतीबिंदूसाठी जी बारीक चीर घेतात तिच्यातूनच तो आत जातो, म्हणून ही पद्धत मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर चांगली जुळते.

यातला आयस्टेंट अमेरिकेत २०१२ साली मान्य झाला. तो टायटॅनियमचा असतो. पहिली आवृत्ती सुमारे १ मिलिमीटरची होती. नंतरची त्याहून लहान, जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरची, आणि असे दोन बसवतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या एका दाण्यावर असे दहाएक ओळीनं मावतील. दुसरा हायड्रस. तो निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, ८ मिलिमीटर लांब, कालव्यातच वळून बसतो आणि कालवा उघडा धरून ठेवतो.

हायड्रसचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात ५५६ जणांना घेतलं होतं, सगळे तुमच्यासारखेच, सौम्य ते मध्यम काचबिंदू आणि सोबत मोतीबिंदू असलेले. ५ वर्षांनी स्टेंट बसवलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोक थेंबांशिवाय होते. ज्यांचा फक्त मोतीबिंदू काढला होता त्यांच्यातही ४६ टक्के लोक थेंबांशिवाय होते. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. मोतीबिंदू काढल्यानंच कोन मोकळा होतो आणि प्रेशर थोडं उतरतं. म्हणजे तुमच्यासारख्या १०० जणांत निव्वळ स्टेंटमुळे थेंब सुटलेले २०. माझ्या मते २० हा आकडा लहान नाही. पण ‘थेंब सुटतील’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते बरोबर नाही. ‘सुटण्याची शक्यता बरीच वाढेल, निदान एक बाटली कमी होईल’ असं म्हणणं खरं आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही, आणि मी आधी तीच विचारली असती. तुमचा कोन कसा आहे? त्यासाठी गोनिओस्कोपी करतात. डोळा बधिर करणारा थेंब टाकून एक आरशाची काच डोळ्यावर टेकवायची आणि कोन पाहायचा. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. सिव्हिलच्या नेत्र विभागातही होतं. ते झालं नसेल तर स्टेंटचं बोलणं पुढे नेऊ नका. कोन अरुंद असेल तर हा मार्गच वेगळा होतो. पुढच्या एका पत्रात त्याविषयी लिहिलं आहे.

दुसरं विचारा, तुमचं टार्गेट प्रेशर किती, म्हणजे नस टिकावी म्हणून प्रेशर कितीपर्यंत उतरवायचं. तुमचं १८ आहे, पण दोन बाटल्यांवर, आणि तेही थेंब हुकत असताना. नस सुरुवातीच्याच टप्प्यात आहे, म्हणून प्रेशर पंधरा-सोळाला आणून ठेवलं तरी बहुधा पुरेल, आणि तेवढं या स्टेंटच्या आवाक्यात येतं. स्वीडनमधल्या एका जुन्या अभ्यासात दिसलं होतं की प्रेशर दर १ मिलिमीटरनं (ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) उतरलं की काचबिंदू वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे १८ आणि १५ यांतलं अंतर किरकोळ समजू नका.

नळी सरकण्याची भीती तुम्ही लिहिलीत. हे स्टेंट कालव्याच्या भिंतीत रुतून बसतात, वाकल्यानं किंवा ओझं उचलल्यानं निघून येत नाहीत. अडचण येते ती वेगळीच. काही वेळा बसवताना जागा चुकते, काही वेळा तोंड बुजतं. पहिले काही दिवस पुढच्या भागात थोडं रक्त उतरून धूसर दिसू शकतं, ते सहसा आपोआप निवळतं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ऑपरेशननंतरचे स्टेरॉइडचे थेंब काहींच्या डोळ्यांत स्वतःच प्रेशर वाढवतात, म्हणून पहिल्या महिन्यातल्या तपासण्या चुकवू नका. दाखवायला हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, पण ऑपरेशनच्या दिवशी तसं करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेशर पाहावंच लागतं, पुण्यात एक मुक्काम धरा. आणि संक्रांतीच्या आसपास बेत असेल तर होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेला यंदा जाऊ नका. धूळ आणि रेटारेटी ताज्या डोळ्याला चालत नाही. कारखान्यातल्या सुताच्या धुळीपासूनही डॉक्टर म्हणतील तितके आठवडे लांब राहा.

खर्चाचं. ऐपत असेल, कोन उघडा असेल, तर तुमच्या बाबतीत मी स्टेंटच्या बाजूनं आहे, विशेषतः रात्रपाळीमुळे थेंब हुकतात म्हणून. मोतीबिंदू काढायचाच आहे, ती संधी पुन्हा येत नाही. पण त्यासाठी कर्ज काढू नका, पोरीचं सोनं मोडू नका. नुसता मोतीबिंदू काढून थेंब चालू ठेवले तरी तुमची नस सांभाळता येईल. एसएलटी नावाचं लेझरही आहे. ते बाह्यरुग्ण विभागात होतं, डोळ्यात काही ठेवावं लागत नाही. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, नव्यानं निदान झालेल्यांना थेंबांऐवजी पहिल्यांदा हे लेझर दिलं, तेव्हा तीन वर्षांनी ७४ टक्के लोकांना थेंब लागत नव्हते. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या डाव्या डोळ्यासाठी तरी हे नक्की विचारा. काही सर्जन स्टेंट न बसवता ती जाळीच आतून कापून मोकळी करतात. त्यात रोपणाचा खर्च वाचतो. महात्मा फुले योजनेत काचबिंदूची कुठली ऑपरेशनं बसतात हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि तोवर रात्रीचा थेंब चहाच्या वेळेला बांधा. कुठलीही पाळी असो, तुमचा एक चहा रोज ठरल्या वेळी होतच असेल. वेळ बदलायची आहे असं डॉक्टरांना सांगा, ते हरकत घेणार नाहीत. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दोन औषधांत पाच मिनिटं अंतर ठेवा. घर पत्र्याचं असेल तर एप्रिल-मे मध्ये बाटली कोनाड्यात ठेवू नका. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ते औषध टिकत नाही.

प्रश्न : माझी आई ७० वर्षांची, बार्शीला राहते, निवृत्त शिक्षिका आहे. डाव्या डोळ्याची नस जवळजवळ सुकली आहे, फील्डमध्ये मधला थोडाच भाग उरलाय. तीन औषधं घालूनही प्रेशर २२. सोलापूरच्या डॉक्टरांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमी सांगितली. मी पुण्यात आयटीत आहे. टाके नसलेली नवी पद्धत असताना जुनं मोठं ऑपरेशन का? आईला आणखी त्रास द्यायचा नाही.

उत्तर : आईची काळजी पत्रात दिसते. पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला पटतं, आणि का ते समजून घ्या.

कालव्यातलं पाणी शेवटी डोळ्यावरच्या शिरांत जातं. त्या शिरांचं स्वतःचं प्रेशर साधारण ८ ते १० असतं. जाळीचा अडथळा कितीही काढला तरी डोळ्याचं प्रेशर त्याखाली जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेकांचं पंधराच्या आसपास थांबतं. वरच्या पत्रातल्या काकांना ते पुरतं. तुमच्या आईंची उरलेली नस इतकी थोडी आहे की त्यांना १० ते १२ हवंय. तिथवर कालव्यातला स्टेंट सहसा पोचत नाही.

ट्रॅबेक्युलेक्टॉमीत पाण्याला अगदी निराळी वाट देतात. पांढऱ्या भागात एक झडपेसारखं दार करून पाणी वरच्या पातळ आवरणाखाली सोडतात, तिथे वरच्या पापणीखाली छोटा फुगवटा तयार होतो. १९६८ साली केर्न्स यांनी ही पद्धत मांडली. पुढे मायटोमायसिन हे औषध वापरायला लागल्यावर वाट बुजण्याचं प्रमाण कमी झालं. प्रेशर खूप खाली आणायचं असेल तर आजही आम्ही सगळे हिच्याकडेच वळतो. त्रास आहे, तो लपवत नाही. पहिले दीड-दोन महिने सारख्या फेऱ्या, कधी टाका सोडायचा, कधी प्रेशर फारच उतरलं तर सांभाळायचं. आणि त्या फुगवट्याला जन्मभर जपायचं. पुढे कधीही डोळा लाल झाला, चिकटपणा आला, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पहाटे झालं तर पहाटे.

मधला एक पर्याय आहे. झेन नावाची जिलेटिनची मऊ नळी, ६ मिलिमीटर लांब, आतलं भोक ४५ मायक्रॉनचं. ती पाणी त्याच आवरणाखाली सोडते, म्हणजे फुगवटा तिलाही होतो, जपणूकही तीच. भोवती व्रण धरला तर सुईनं मोकळा करावा लागतो आणि हे बऱ्याच जणांना लागतं. इतक्या पुढे गेलेल्या नसेसाठी मी पहिली निवड म्हणून ती करणार नाही. ट्रॅबेक्युलेक्टॉमी टिकली नाही तर मोठी नळी आणि तिच्यामागे चकती असलेलं रोपण असतं. मदुराईची ऑरोलॅब असं रोपण बनवते, म्हणून आपल्याकडे ते परवडतं.

नव्या पद्धतीबद्दल एक खरी हकीकत सांगते. सायपास नावाचा स्टेंट अमेरिकेत २०१६ साली मान्य झाला. दोन वर्षांचे निष्कर्ष छान होते. पाच वर्षांचे आकडे हाती आले तेव्हा दिसलं की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त कमी होत आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं तो बाजारातून परत घेतला. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. आईंच्या उरलेल्या नजरेवर निर्णय घेताना मला लांबवरचे आकडे हवे असतात, आणि ते जुन्या ऑपरेशनचे माझ्याकडे आहेत.

पुण्याहून येऊन तुम्ही पहिले दोन आठवडे आईंजवळ राहिलात तर ते फार उपयोगी पडेल. थेंब दिवसातून अनेकदा असतात, आणि एकटीनं ते सांभाळणं त्या वयात अवघड जातं.

प्रश्न : ताई, मी कुंभारीच्या विडी घरकुलातून लिहिते. सासूबाई विड्या वळतात, वय ५४. दिवाळीच्या आधी एका रात्री डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती. आम्ही पित्त समजून रात्र काढली. सकाळी डोळा लालभडक. दवाखान्यात प्रेशर ५० च्या वर निघालं. लेझरनं बुबुळाला भोक पाडलंय. दुसऱ्या डोळ्यालाही पाडलंय. शेजारचे म्हणतात स्टेंट बसवा, म्हणजे परत होणार नाही. बसवायचा का?

उत्तर : ताई, त्यांना स्टेंट बसवायचा नाही. त्यांचा काचबिंदू वेगळ्या जातीचा आहे. कोनच बंद होतो, बुबुळाची कड पुढे येऊन जाळीवर बसते. ज्या जागेत स्टेंट ठेवायचा तीच जागा झाकलेली. ठेवला तरी बुबुळ त्याच्या तोंडावर येईल. हा प्रकार आपल्या देशात बराच आढळतो, बायकांमध्ये जास्त. संध्याकाळी कमी उजेडात बाहुली मोठी होते तेव्हा असा झटका येतो.

लेझर झालं हे फार चांगलं झालं, आणि दुसऱ्या डोळ्याचं झालं हे त्याहून. पित्त समजून एक रात्र गेली याचं मनाला लावून घेऊ नका. पित्तासारखंच ते दिसतं, डोळ्याकडे सहज लक्ष जात नाही.

आता डॉक्टरांना विचारा, कोन किती उघडला आणि प्रेशर थेंबांशिवाय किती राहतं. राहत नसेल तर सासूबाईंच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायचा विचार करता येतो, मोतीबिंदू अजून पिकला नसला तरी. वयाबरोबर ते भिंग जाड होऊन बुबुळाला पुढे ढकलतं, ते काढलं की कोनाला जागा मिळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ईगल नावाच्या अभ्यासात कोन बंद होण्याचा त्रास असलेल्या, पण असा झटका न आलेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांत लेझरपेक्षा भिंग काढण्याचे परिणाम चांगले आले. मोतीबिंदूची ऑपरेशनं आपल्या जिल्ह्यात रोज होतात, त्यामुळे हे आवाक्यातलं आहे.

त्यांच्या बहिणींना आणि मुलांना डोळ्याचा कोन तपासून घ्यायला सांगा. नुसतं प्रेशर मोजून चालणार नाही, झटका येण्याआधी ते साधारणच असू शकतं. तुमचे यजमानही त्यात आले.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. उन्हाळ्यात डोळे चोळचोळ चोळतो. मेडिकलमधून घेतलेल्या थेंबांनी लगेच बरं वाटतं, दोन वर्षं तेच वापरतोय. त्यानं प्रेशर वाढतं का?

उत्तर : बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर हो, वाढू शकतं, आणि मूल काही बोलत नाही कारण दुखत नाही. ही बाटली मला सगळ्यात जास्त छळते. सोलापूरच्या धुळीत आणि उन्हात ही अ‍ॅलर्जी घरोघरी आहे, थेंब स्वस्त आहेत, चिठ्ठीशिवाय मिळतात. प्रेशर वाढून नस सुकलेली शाळकरी मुलं मी पाहिली आहेत. मनानं बाटली उघडू नका. याच आठवड्यात प्रेशर आणि नस तपासून घ्या. बंद कशी करायची ते डॉक्टर सांगतील. अ‍ॅलर्जीसाठी स्टेरॉइड नसलेली औषधं आहेत. थंड पाण्याच्या पट्ट्या आणि उन्हात टोपी-चष्मा यांनीही पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : थेंबांऐवजी औषधच डोळ्यात ठेवतात म्हणे. खरं का?

उत्तर : खरं आहे. बिमाटोप्रॉस्ट या औषधाची विरघळणारी बारीक कांडी अमेरिकेत २०२० साली मान्य झाली. ती कोनात सोडतात आणि औषध काही महिने झिरपत राहतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ट्रॅव्होप्रॉस्टचं, टायटॅनियमच्या कुपीतलं रोपण मान्य झालं. ज्यांचे हात कापतात किंवा ज्यांना थेंब घालणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी मला यात मोठी आशा दिसते. पण औषध संपल्यावर प्रेशर पुन्हा चढतं, आणि ते चढलेलं स्वतःला जाणवत नाही.

प्रश्न : वडिलांना मोतीबिंदूबरोबर स्टेंट बसवलाय. आता कंबरेचा एमआरआय सांगितलाय. चालेल का?

उत्तर : टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, आणि हे स्टेंट ठरावीक अटींत एमआरआयसाठी सुरक्षित धरले जातात. ऑपरेशननंतर एक कार्ड दिलं असेल, त्यावर स्टेंटचं नाव आणि क्रमांक असतो. ते सोबत न्या आणि मशीनमध्ये जाण्याआधी तंत्रज्ञाला दाखवा. कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाकडून लेखी घ्या. फाइलमध्ये नोंद असतेच.